जुन्या फायबरग्लास होडीची देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरात माझी 1964 सालची पिअर्सन ट्रायटन असते. नाव 'आत्या'. शेजारचे गोरे तिला 'आटिया' म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी कोपऱ्यात गाठून होडीबद्दल विचारतंच, आणि पुढच्या वर्षी तेच प्रश्न दुसरं कुणी विचारतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

साठ वर्षांची होडी अजून तरंगते कशी?

कारण ती बनवणाऱ्यांना फायबरग्लासवर पूर्ण भरवसा नव्हता. क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन हे चुलतभाऊ, त्यांचा कारखाना इथल्याच ब्रिस्टल गावात. कार्ल अल्बर्गने आखलेली साडेअठ्ठावीस फुटी ट्रायटन त्यांनी जानेवारी 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांची लाकडी चैन, हे समीकरण तिथे मोडलं. 1967 पर्यंत सातशेच्या वर ट्रायटन बनल्या.

तेव्हा काचेचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन किती जाड थापलं की पुरेल, याचा कुणाला अनुभव नव्हता. म्हणून थापतच राहिले. आज तेवढ्या मालात दोन होड्या निघतील. लाकडासारखं ते कुजत नाही, किडे लागत नाहीत. हल, म्हणजे होडीचं मुख्य अंग, तुमच्या-माझ्यानंतरही राहील.

मरतं ते हलला जोडलेलं सगळं. आणि ते मरतं भोकांतून. प्रत्येक स्क्रू, बोल्ट, नळ, तार यांच्यासाठी कुणीतरी कधीतरी एक भोक पाडलेलं असतं आणि पाणी तिथे कायम वाट बघत असतं. माझ्या होडीवर अशी भोकं किती, ते मी एका हिवाळ्यात मोजायला बसलो. दोनशेच्या पुढे गेल्यावर वही मिटली.

विकत घेताना आधी काय बघायचं?

इंजिन नाही. सगळे आधी इंजिनाचं झाकण उघडतात. तुम्ही प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या फरशीवर, मूठ आपटत चाला. टक टक आवाज आला तर ठीक. धप धप आला तर आत पाणी आहे. मोजे घालून टाच दाबूनही कळतं, पण उन्हाळ्यात डेक इतका तापतो की मोजे पुरत नाहीत.

मग आत जा. ट्रायटनची डोलकाठी तळापर्यंत जात नाही, केबिनच्या छतावर उभी असते. तिचं वजन खालची लाकडी तुळई पेलते. ती कुजली किंवा दबली की छत बसतं, आणि पहिली खूण म्हणजे पुढच्या खोलीचं दार अडकू लागतं. माझं दार अगदी अलगद लागत होतं. मला आनंद झाला. नंतर लक्षात आलं की आधीच्या मालकाने दार रंधा मारून लहान केलं होतं. तुळई तशीच.

पाण्याच्या खालच्या नळांच्या मुठी फिरतात का बघा, कपाटांत मागे हात घालून ओल लागते का बघा. एवढं करूनही होडी आवडली तर सर्व्हेयरला (होडी तपासणाऱ्या तज्ज्ञाला) पैसे द्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

डेक मऊ लागतो म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

ट्रायटनचा डेक म्हणजे सँडविच. वर फायबरग्लासचा पापुद्रा, खाली एक, मधे बाल्सा लाकडाचे ठोकळे. बाल्सा अतिशय हलकं, आणि दोन पापुद्र्यांना एकमेकांपासून लांब धरल्यामुळे कमी वजनात डेक ताठ होतो. कल्पना उत्तम. फक्त एका गृहीतकावर उभी: आत पाणी जाणार नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात माझा मावसभाऊ फायबरच्या होडीवर मासेमारी करतो. त्याला व्हिडिओ कॉलवर मी हे दाखवलं. तो म्हणाला, "अरे, होडीत भुसा भरतात काय कोणी?" त्याची होडी सगळी भरीव. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात सॉसालिटोला एरोमरीनने बनवलेल्या ट्रायटनचे डेकही भरीव होते. पश्चिम किनाऱ्यावरचे मालक हे आम्हाला अधूनमधून ऐकवतात.

पाणी जातं फिटिंगच्या (डेकवर बसवलेल्या खुंट्या-खांबांच्या) बोल्टांवाटे. कारखान्यात डेकला सरळ भोक पाडलं, थोडा मसाला (फट बुजवायचा चिकट लेप) लावला, बोल्ट आवळला. भोकाच्या कडेला उघडं बाल्सा. पंधरा-वीस वर्षांत मसाला वाळतो, स्टॅन्शनला (कठड्याच्या खांबाला) धरून माणसं चढतात, खांब तरफेसारखा हलतो आणि भोक श्वास घेऊ लागतं. एकेका पावसाला चमचाभर पाणी.

मी डाव्या बाजूचा डेक पहिल्यांदा कापला तो दिवस आठवतो. गोल करवतीचं पातं जेमतेम वरच्या पापुद्र्याइतकं खोल ठेवून चौकोन कापला आणि पटाशीने उचलला. तो सुटला तो चपलेचा तळ चिखलातून निघावा तसा आवाज करत. खाली जे होतं त्याला लाकूड म्हणणं धाडसाचं. चहात बुडवून विसरलेली खारी जशी होते, तसा तपकिरी लगदा. वास ओल्या गोणपाटाचा. चमच्याने खरवडून दोन बादल्या काढल्या. आणि हे सगळं चार बोल्टांच्या एका क्लीटभोवतालचं (क्लीट म्हणजे दोर गुंडाळायची खुंटी), तीन फूट लांबपर्यंत.

वरून कापायचं की खालून?

वरून. खालून केलं तर डेकचा रंग आणि खरखरीत नक्षी शाबूत राहते, हे खरं. पण छताकडे तोंड करून ग्राइंडर चालवायचा, आणि ओलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) कपाळावर ठिबकत असताना जड कापड वर चिकटवायचं. मी एका फुटाचा तुकडा तसा केला. पुढचे सगळे वरून.

क्रम असा: लगदा काढा, खालचा पापुद्रा घासून स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या. इथे घाई नको, तंबू घालून आठवडे थांबावं लागलं तर थांबा. नव्या बाल्साला आधी पातळ इपॉक्सी पाजा, मग घट्ट केलेल्या इपॉक्सीत ते दाबून बसवा, वर वजनं ठेवा. मी पाण्याचे कॅन आणि एकदा इडलीच्या पिठाचं पोतं ठेवलं होतं. वरचा पापुद्रा परत चिकटवल्यावर शिवण नुसती बुजवून चालत नाही. दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट रुंद उतार घासायचा, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीला 36 मिलिमीटर, आणि त्या उतारावर कापडाचे थर चढवायचे. उतार आखूड केला की तडा त्याच रेषेवर परत येतो.

मग फिटिंग परत कशी बसवायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

समजा बोल्ट पाव इंची आहे. त्याच जागी अर्ध्या इंची भोक पाडा, पण खालचा पापुद्रा शक्यतो न फोडता. वाकडा केलेला खिळा ड्रिलमध्ये लावून फिरवा, म्हणजे कडेचं बाल्सा आणखी थोडं आत कोरलं जाईल. खालच्या बाजूला चिकटपट्टी लावा आणि पोकळीत घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. दुसऱ्या दिवशी त्या भरीव इपॉक्सीतून पाव इंची भोक पाडा. आता उद्या मसाला गळका झाला तरी पाणी सरळ केबिनमध्ये तुमच्या उशीवर पडेल, बाल्सात जाणार नाही. गळती दिसली पाहिजे. न दिसणारी गळतीच होडी खाते.

भोकाच्या तोंडाला वरून थोडी खोलगट कड द्या, म्हणजे मसाल्याला बसायला जागा मिळते. मी ब्युटाइलची पट्टी वापरतो. करड्या च्युइंगगमसारखी असते, बोल्टाच्या मानेभोवती शेवयांसारखी वळायची. आवळताना नट फिरवायचा, बोल्ट नाही. बोल्ट फिरला की मसाला ओरबाडला जातो. आठवडाभर रोज थोडं थोडं आवळा, कडेने बाहेर येईल ते कापा. पेट्रोलच्या तोंडाजवळ मात्र ब्युटाइल नको, इंधनाने ते विरघळतं.

सिलिकॉन चालेल ना?

नाही. बाथरूममध्ये लावा. डेकवर एकदा लावलं की त्याचा अंश राहतो आणि नंतर त्यावर रंगही धरत नाही.

आणि ते पांढरं, कधीच न सुटणारं पॉलियुरेथेन?

नावातच उत्तर आहे. कधीतरी ती फिटिंग तुम्हालाच काढायची आहे.

तळाला फोड आलेत. होडी संपली का?

नाही. पॉलिएस्टरमधून पाणी हळूहळू झिरपतं, आत विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळून दाब तयार होतो आणि जेलकोटला, म्हणजे हलच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, फोड येतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो आणि पिचकारी उडते, चष्मा घाला. दहा-वीस फोड म्हणजे शनिवार-रविवारचं काम: घासा, धुवा, सुकवा, इपॉक्सीने भरा. तळभर पुरळ असेल तरच जेलकोट सोलून, महिनोन् महिने सुकवून इपॉक्सीचे अडसर-थर द्यायचा विचार करा. फोडांनी बुडालेली होडी माझ्या पाहण्यात नाही. सडलेल्या नळांनी बुडालेल्या आहेत.

ते नळ म्हणजे सीकॉक ना? त्यांचं काय?

पाणपातळीच्या खाली हलमध्ये पाडलेली भोकं, म्हणजे सगळ्यात घातक. जुन्या होड्यांवर कुणीतरी घरगुती प्लंबिंगचा पितळी गेट व्हॉल्व्ह लावून ठेवलेला असतो. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर, बिस्किटासारखा ठिसूळ तांब्याचा सांगाडा. माझ्या सिंकखालच्या नळाची मूठ मी दोन बोटांनी फिरवली आणि ती हातात आली. होडी तेव्हा जमिनीवर होती, हे नशीब.

ब्राँझचे रुंद बैठकीचे सीकॉक लावा, नळीला दोन-दोन पट्ट्या, आणि प्रत्येक सीकॉकला दोरीने बांधलेलं निमुळतं लाकडी बूच. बूच कपाटात ठेवलं तर गरजेला सापडत नाही.

डोलकाठीच्या तारा कधी बदलायच्या?

खाऱ्या पाण्यात दहा-पंधरा वर्षं हा साधारण हिशेब. तुमच्या तारा किती जुन्या हे माहीत नसेल तर बदला. टोकाच्या दाबलेल्या नळीपाशी एखादी शीर तुटून गळासारखी बाहेर आली असेल, कापसाचा बोळा फिरवल्यावर तो अडकत असेल, तर त्या दिवशी शीड उभारू नका.

तारांपेक्षा मला चेनप्लेटची जास्त धास्ती. या स्टीलच्या पट्ट्या तारांचा ताण होडीच्या अंगाला देतात. त्या डेकमधून आत जातात, म्हणजे परत भोक. स्टेनलेस स्टील डागत नाही ते त्याला हवेतला प्राणवायू मिळतो म्हणून. ओल्या, कोंडलेल्या फटीत तो मिळत नाही आणि स्टील तिथेच, नजरेआड कुरतडलं जातं. माझी एक पट्टी वर आरशासारखी, खाली आरशासारखी. बाहेर काढली तर बरोबर डेकच्या जाडीएवढ्या भागात तपकिरी रेघ, आणि ती रेघ म्हणजे अर्ध्या रुंदीची चीर होती. त्याच उन्हाळ्यात मी तिच्यावर भिस्त ठेवून वीस-पंचवीस नॉटच्या वाऱ्यात समुद्रातल्या ब्लॉक आयलंड बेटावर जाऊन आलो होतो. काढून बघितल्याशिवाय कळत नाही. ज्या प्लायवूडला त्या बोल्टने बसतात तेही टोचून बघा.

मूळचं अ‍ॅटॉमिक फोर इंजिन ठेवू की काढू?

चालत असेल तर ठेवा. युनिव्हर्सल कंपनीचं हे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून 1980 च्या दशकापर्यंत हजारोंनी बनलं. अजून सुटे भाग मिळतात आणि डिझेलच्या मानाने ते शिवणयंत्रासारखं गुळगुळीत चालतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि खारं पाणी थेट ब्लॉकमध्ये फिरवण्याऐवजी गोड्या पाण्याचं शीतन करून घ्या.

भीती पेट्रोलची आहे आणि ती रास्त आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळच्या पोकळीत, साचते. सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर (ती हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवा, मग नाकाने वास घ्या. कितीही घाई असो.

डिझेल बसवलं तर ही भीती जाते, पण नवं इंजिन, शाफ्ट, टाकी, एक्झॉस्ट धरून होडीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातात. मी आत्या 2,500 डॉलरला घेतली. तिच्यात 12,000 चं इंजिन टाकणं म्हणजे अडगळीतल्या सायकलला सोन्याची घंटी.

इलेक्ट्रिक मोटर?

बंदरातून बाहेर पडायचं, शीड उभारायचं, संध्याकाळी परत, एवढंच असेल तर छान. 48 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत पाच युनिटच्या आत ऊर्जा. चार नॉटने जायला अंदाजे दोन किलोवॉट धरा, म्हणजे दोन-अडीच तास. भरतीच्या उलट्या ओढीत आणि वारा पडलेला असताना हा हिशेब फार लवकर संपतो.

वायरिंग आणि लिथियम बॅटरी?

आधी जुन्या तारा उपटा. होडीत घरची तांब्याची तार नको, कथिलाचा मुलामा दिलेली बारीक पेडांची तार हवी, नाहीतर ती प्लास्टिकच्या आत काळी पडत जाते. बॅटरीपासून सात इंचांच्या आत फ्यूज. दिवे एलईडी करा, सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फायदा तिथे आहे. माझा नांगरावरचा दिवा आता रात्रभर जळून सकाळी बॅटरीला पत्ताही लागत नाही.

लिथियम घालणार असाल तर अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. वर तिच्या आतल्या संरक्षण-सर्किटने मधेच हात आखडता घेतला तर डायोड उडतात. मधे डीसी-टू-डीसी चार्जर घाला. आणि चार्टप्लॉटरची (सागरी नकाशा दाखवणाऱ्या यंत्राची) ती मोठ्या पडद्याची आवृत्ती? डेक कोरडा झाल्यावर बोलू.

रंग कुठला?

दोन भागांचं पॉलियुरेथेन टिकतं, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. फवारायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मी रोलरने लावून लगेच ब्रशच्या टोकाने सपाट करतो. दहा फुटांवरून फवारल्यासारखं दिसतं, आणि दहा फुटांच्या आत कुणी येऊ नये. तळाला तांब्याचं अँटिफाउलिंग (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा रंग), वसंतात एक हात. जुने थर कोरडे घासू नका. टीबीटी हे जुन्या तळाच्या रंगांतलं कथिलाचं विष 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद आहे, पण जुन्या होडीच्या अंगावर खालच्या थरांत काय आहे ते तिलाच ठाऊक.

काच घासताना खाज येते. उपाय?

बाह्या आणि मनगटाच्या कडा टेपने बंद करा, उघड्या कातडीला आधीच पावडर लावा, नंतर थंड पाण्याने धुवा. गरम पाणी नको. साधा कापडी मास्क धुळीला आणि वाफेला दोन्हीला निरुपयोगी, फिल्टरचा घ्या. इपॉक्सी उघड्या हाताने कधीच नाही. एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की ते जन्मभर राहतं. आमच्या यार्डातल्या एका जुन्या कारागिराला आता डबा उघडला तरी पुरळ येतं.

हिवाळ्यात काय करता?

ऑक्टोबरअखेर होडी बाहेर. सगळं वजन कीलवर, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यावर, बाजूचे स्टँड फक्त तोल राखायला, आणि समोरासमोरचे स्टँड साखळीने एकमेकांना बांधलेले. ताडपत्रीची दोरी स्टँडला कधीही बांधायची नाही. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की स्टँड निघून येतो, आणि मग शेजारच्या दोन होड्याही आडव्या. इंजिनात आणि नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ. गाद्या घरी. ताडपत्रीला दोन्ही टोकांना हवेची वाट ठेवा. आणि डेकमध्ये पाणी उरलं असेल तर त्याचा बर्फ होतो, पापुद्रे सुटतात, वसंतात धप धप आणखी फूटभर पसरलेली असते.

इतक्या जुन्या बनावटीच्या होडीतून लांब जाता येतं?

जेम्स बाल्डविनने 'अ‍ॅटम' नावाच्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 2022 ची गोल्डन ग्लोब ही एकट्याने जग फिरायची शर्यत बघा. 1988 च्या आधी आखलेल्या, लांब कीलच्या होड्याच तिथे चालतात. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी त्यात दुसरे आले, ते रस्लर 36 मधून. ती फायबरग्लासची आणि कारखान्यात बनणारी होडी. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले ती 'म्हादेई' मात्र वेगळी, गोव्यात दिवार बेटावर नव्याने बांधलेली, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली. या सगळ्यांनी निघण्याआधी होडीचा बोल्ट न् बोल्ट तपासला असणार. मी मात्र ब्लॉक आयलंडपर्यंत.

एकूण खर्च किती आला?

वही मिटलेली आहे.

आम्हाला एकदा फिरवाल का?

या की. मे ते सप्टेंबर, शनिवारी सकाळी नऊला डिंगी (होडीपर्यंत नेणारी छोटी नाव) घेऊन काठावर असतो. पांढऱ्या तळव्याचे बूट, एक जादा स्वेटर, आणि कुणाच्या घरचे पोहे असतील तर उत्तम. फक्त वर चढताना स्टॅन्शनला धरू नका. हात द्या, मी ओढून घेतो. त्या खांबाची चार भोकं मी नुकतीच बुजवली आहेत.